अकराव्या पानावरची चूक

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान संस्थेचे संचालक, हवामान केंद्राचे माजी प्रमुख, गणित विभागातले सर्व आजी-माजी प्राध्यापक, पहिल्या रांगेत बसलेले मॅडमचे यजमान, खुर्ची न मिळाल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे मित्र, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो आहोत त्या आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या मॅडम, आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

माझ्याआधी चार विद्वान बोलले. त्यांनी मॅडमच्या सिद्धान्ताचं मोल सांगितलं, जगभरातल्या मानसन्मानांची यादी वाचली, परवा जाहीर झालेल्या पदकाचा उल्लेख केला. मी त्यांत काय भर घालणार? मी या विभागात छत्तीस वर्षं टंकलेखक होतो. एवढीच माझी पात्रता. पण एक गोष्ट मी छाती पुढे काढून सांगू शकतो. मॅडमनी लिहिलेली शेकडो पानं छापखान्यात जाण्याआधी माझ्या बोटांखालून गेली आहेत. व्यासपीठावरच्या मान्यवरांनी ती वाचली असतील. मी ती आठ-आठ, दहा-दहा वेळा ठोकली आहेत.

मॅडम विभागात आल्या तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. टंकलेखनाची खोली तेव्हा जिन्याखाली होती. खिडकी उघडली की समोर सायकलींची रांग दिसायची. एके दिवशी सकाळी दारात एक सडपातळ बाई उभ्या. नमस्कार नाही, ओळख नाही, थेट प्रश्न.

"या यंत्राची कोणती कळ सगळ्यात आधी झिजते?"

मला वाटलं, तपासणीला आल्या! मी घाईघाईने म्हणालो, "मॅडम, मी यंत्र नीट वापरतो. दर शनिवारी तेल घालतो."

त्या हसल्या. "अहो महाशय, तक्रार नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय."

तेव्हापासून मी त्यांचा 'महाशय' झालो, तो आजतागायत. तर मी खणातून एक पत्र्याची डबी काढली. झिजलेले, तुटलेले अक्षरांचे ठसे मी टाकून देत नसे, त्या डबीत ठेवत असे. का ठेवत असे? ते मलाही ठाऊक नव्हतं. मॅडमनी ती डबी टेबलावर उपडी केली आणि ठसे वेगवेगळे लावत मोजायला बसल्या. अमुक अक्षर सात वेळा बदललं, तमुक तीन वेळा, आणि काही अक्षरं कारखान्यातून आली तशी कोरी करकरीत.

मग त्यांनी मला सांगितलं की तारेवरून मजकूर पाठवायचा असेल, तर वारंवार येणाऱ्या अक्षराला छोटी खूण द्यावी आणि क्वचित येणाऱ्याला लांब. म्हणजे एकूण मजकूर आटोपशीर होतो. मी म्हणालो, "वा! हा शोध तुमचा?"

"नाही हो. हा फार जुना. माझा प्रश्न पुढचा आहे. कोणतं अक्षर किती वेळा येणार हे आधी ठाऊकच नसेल तर काय करायचं?"

सभागृहात माझ्यासारखेही काही असतील, त्यांच्यासाठी हे जरा उलगडून सांगतो. विद्वानांनी क्षणभर कान झाकावेत. आमचं लग्न झालं त्या महिन्यात आमची ही मला म्हणायची, "अहो, कपाटाच्या खालच्या खणात उजवीकडे निळा डबा आहे, त्यातली कात्री द्या ना." वर्षभराने म्हणायला लागली, "कात्री द्या." आता नुसतं म्हणते, "अहो, ती!" आणि मी कात्री देतो. आम्ही दोघांनी बसून कधी शब्दकोश केला नाही. बोलता बोलता दोघांच्याही डोक्यात एकच यादी तयार होत गेली. मॅडमनी नेमकं हेच दोन यंत्रांना शिकवलं. पाठवणारं यंत्र आणि घेणारं यंत्र, दोघंही मजकूर येता-जाता आपापली यादी करत जातात, दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या राहतात, आणि मजकूर आकसत जातो. आज याला डेटा कॉम्प्रेशन म्हणतात आणि ते प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. तेव्हा ते जिन्याखालच्या खोलीत माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर होतं.

मॅडमचा तो निबंध पाचव्या वर्षी छापून आला. अठ्ठावीस पानं. त्या काळी आमच्या यंत्रावर गणिताची चिन्हं नव्हती. मी तेवढी जागा मोकळी सोडायचो आणि मॅडम बारीक टाकाने काळ्या शाईत चिन्हं भरायच्या. निबंध गाजला. परदेशांतून पत्रं आली. त्या पत्रांवरची तिकिटं मी माझ्या मेहुण्याला दिली, त्याला मॅडमची परवानगी होती, हे नमूद करतो. निबंधातला सगळ्यात मोठा दावा असा होता, की वाटेत तारेत खरखर झाली आणि एखादी खूण बिघडली, तरी दोन्ही यंत्रांच्या याद्या थोड्या वेळात आपोआप परत जुळतात. लोकांना हे फार आवडलं. का नाही आवडणार? चुकलं तरी आपलं आपण सुधारतं, असं जगात दुसरं काय आहे?

हवामान केंद्राने ठरवलं की किनाऱ्यावरच्या त्यांच्या सगळ्या ठाण्यांवर ही पद्धत बसवायची. बुधवारी यंत्रं बसायला सुरुवात होणार होती. आणि गुरुवारी मॅडमच्या बढतीसाठी निवड समितीची बैठक होती. संस्थेच्या इतिहासात गणित विभागात बाई पूर्ण प्राध्यापक होण्याची ती पहिलीच वेळ ठरणार होती. विभागप्रमुखांनी नवा कोट शिवून घेतला होता. मॅडमनी नाही, विभागप्रमुखांनी.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, मी चूक केली.

ठाण्यांवरच्या लोकांसाठी एक छोटी पुस्तिका करायची होती. तिच्यात एक उदाहरण होतं, चाळीस खुणांची एक ओळ. मी ती टाइप करताना एक खूण दोनदा मारली. मॅडम माझ्यासमोर बसून, घेणारं यंत्र जसं करेल तसं, पेन्सिलीने ती ओळ सोडवून पाहत होत्या. थोड्या वेळाने कपाळाला आठ्या पडल्या.

"महाशय, याचा अर्थ लागत नाहीये."

मी कागद ओढून घेतला आणि मुळाशी ताडून पाहिला. "माफ करा मॅडम. माझी चूक आहे. तेरावी खूण जास्तीची पडली. आत्ता पांढरी शाई लावून दुरुस्त करतो."

"थांबा. हात लावू नका."

"पण मॅडम, चुकीचं आहे ते."

"चुकीचं आहे म्हणूनच. एक खूण बिघडली तर थोड्या वेळात सगळं जुळायला हवं ना? मीच तसं म्हटलंय. तेराव्या खुणेला बिघडलं. चाळिसाव्यापर्यंत का नाही जुळलं?"

त्या तिथेच बसल्या. मी दुसऱ्या कागदावर आणखी दोनशे खुणांची ओळ त्यांच्या सांगण्यावरून टाइप केली, मुद्दाम एक चूक ठेवून. मग पाचशेची. टाइप करताना इतक्या जपून चूक मी आयुष्यात कधी केली नव्हती. दुपारचे तीन वाजले. डबा तसाच राहिला. शेवटी मॅडमनी निबंध उघडला, एकेक पान उलटत गेल्या आणि अकराव्या पानावर बोट ठेवून थांबल्या.

"इथे," त्या म्हणाल्या. "इथे मी धरून चालले की दोन याद्यांमधला फरक दर पायरीला कमी होतो. तो वाढूही शकतो."

म्हणजे काय? आमच्याच घरचं सांगतो. हिने "ती" म्हटलं, आणि मी कात्रीऐवजी छत्री दिली. तेवढ्यावर थांबलं तर ठीक. पण त्यानंतर मी "ती" म्हणजे छत्रीच धरून चाललो आणि पुढचं प्रत्येक बोलणं त्यावर रचत गेलो, तर संसाराचं काय होईल? तेच त्या यंत्रांचं होत होतं.

पाच वर्षं जगभरच्या विद्वानांनी तो निबंध वाचला होता. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, "महाशय, एक पत्र घ्या. एक प्रत नियतकालिकाच्या संपादकांना, एक हवामान केंद्राला, एक निवड समितीला."

मी ओळखलं. मंडळी, मी आज कबूल करतो, त्या क्षणी मी खोटं बोललो.

"मॅडम, रिबन संपली आहे."

"कपाटात तीन आहेत. तुम्हीच मागच्या आठवड्यात आणल्या."

"कार्बन..."

"कार्बन तुमच्या कोपराखाली आहे."

मग मी सरळच बोललो. "मॅडम, गुरुवारी बैठक आहे. आजवर कोणाला कळलं नाही, आणखी चार दिवस कळलं नाही तर काय बिघडतंय? शुक्रवारी सकाळी पहिलं काम हे करतो. शब्द देतो."

मॅडम माझ्यावर रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बुधवारी यंत्रं बसायला लागतील. समजा, त्याच दिवशी वादळ आलं. तार खरखरली. ठाण्यावरच्या माणसाच्या हातात वादळाच्या सूचनेऐवजी अर्थ नसलेली अक्षरं पडली. त्याने होड्या परत बोलवायच्या की नाही?"

मी कोपराखालचा कार्बन ओढून काढला.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

पत्र चार वाक्यांचं होतं. त्याची कार्बन प्रत माझ्याजवळ आहे, ती वाचून दाखवतो. 'माझ्या निबंधातलं मुख्य विधान चुकीचं आहे. अकराव्या पानावरची पायरी टिकत नाही. या विधानाच्या भरवशावर कोणीही कुठेही यंत्र बसवू नये. चूक सर्वस्वी माझी आहे.'

चौथ्या वाक्यावर मी थांबलो होतो. म्हणालो, "खूण मी दोनदा मारली, तर निदान..." त्या म्हणाल्या, "तुमच्या चुकीने माझी चूक दिसली. ती तुमच्यामुळे झाली नाही. पुढे चला."

पत्रं गेली. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख जिना उतरून आले. ते आज हयात नाहीत, माणूस मनाने चांगला होता, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, "बाई, हे कुणाच्या लक्षात आलं होतं का?"

मॅडम म्हणाल्या, "माझ्या आलं ना."

बढती गेली, हे सांगायला नकोच. त्या खुर्चीवर दुसरे गृहस्थ बसले. वरच्या मजल्यावरची मॅडमची उजेडाची खोली गेली आणि त्यांना माझ्या शेजारची, जुन्या नकाशांची अडगळीची खोली मिळाली. परिषदांची निमंत्रणं थांबली. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ प्राध्यापक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईंची पद्धत मजकूर इतका दाबते, की शेवटी अर्थही उरत नाही." सगळे हसले. मी हसलो नाही, हे सांगितलं तर आज कोण खरं मानणार? पण कप तसाच ठेवून मी उठलो होतो, आणि मॅडमनी मला परत बसवलं होतं. म्हणाल्या, "विनोद चांगला आहे हो. आणि दुर्दैवाने बरोबरही आहे."

अशी सहा वर्षं गेली. मधल्या भिंतीतून मला खडूचा आवाज यायचा, आणि मग फळा पुसल्याचा. दुरुस्तीचे अकरा मसुदे मी टाइप केले आणि अकराही मॅडमनी स्वतःच बाद केले. त्यांचे यजमान समोर बसले आहेत. ते शाळेत संगीत शिकवायचे. एकदा मला बाजारात भेटले, तेव्हा मी विचारलं, "मॅडम घरी कशा असतात?" म्हणाले, "बोलता बोलता मध्येच थांबते. मग मी जेवून घेतो." साहेब, त्या वर्षांत आपण एकदाही त्यांना 'सोडून दे' म्हणाला नाहीत, हे मॅडमनीच मला सांगितलंय. टाळ्यांचा काही भाग आपल्याकडेही वळवायला हवा.

(धन्यवाद. सूत्रसंचालक मला दुसऱ्यांदा चिठ्ठी दाखवताहेत. वाचली. आवरतो.)

पण एका माणसाचा उल्लेख केल्याशिवाय मी खाली बसणार नाही. व्यासपीठावर बसलेले हवामान केंद्राचे माजी प्रमुख तेव्हा तिथे कनिष्ठ अधिकारी होते. मॅडमचं पत्र त्यांच्याच टेबलावर गेलं होतं. यंत्रं त्यांनीच थांबवली. आणि त्यानंतर दर वर्षी त्याच तारखेला त्यांच्याकडून एक कार्ड यायचं. त्यावर एकच ओळ, 'आम्ही अजून वाट पाहत आहोत.' दुसऱ्या लोकांच्या तयार पद्धती त्यांच्यासमोर होत्या. वरिष्ठांनी त्यांना विचारलं, या बाईंसाठी का अडून बसलात? त्यांनी दिलेलं उत्तर मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं. "बाकीचे सगळे सांगतात की आमचं यंत्र चुकत नाही. कुठे चुकतं ते फक्त या बाईंनी सांगितलंय."

सहाव्या वर्षी मॅडम एका सकाळी माझ्या खोलीत आल्या. चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी. म्हणाल्या, "महाशय, मी सहा वर्षं चुकीच्या बाजूने ढकलत होते. याद्या आपोआप जुळाव्यात म्हणून धडपडत होते. त्या आपोआप जुळूच शकत नाहीत. कोणाच्याच पद्धतीत नाहीत. हे सिद्ध करता येतं!"

मला वाईट वाटलं. म्हटलं, "म्हणजे संपलं?"

"संपलं कसं? आता खरा प्रश्न सुरू होतो. आपोआप जुळत नाहीत, तर मग मध्ये मध्ये किती थोडं परत सांगितलं, की पुरे?"

आणि त्याचं उत्तर त्यांनी शोधलं. कमीत कमी किती, ते नेमकं. त्याहून कमी सांगून कोणालाही भागणार नाही आणि तेवढ्यात सगळ्यांचं भागेल. आज ज्याला जगभर मॅडमच्या नावाने ओळखतात तो सिद्धान्त हाच. पहिला निबंध बरोबर ठरला असता, तर हा कधी जन्मालाच आला नसता, असं मघाशी संचालक म्हणाले. ते विद्वान आहेत, त्यांचं खरं असेल. मी एवढंच म्हणेन, की ते चार वाक्यांचं पत्र गेलं नसतं, तर हा नक्कीच आला नसता.

त्या निबंधाच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक टीप आहे. 'मूळ चूक विभागाच्या टंकलेखकांमुळे उघडकीस आली. लेखिका त्यांची ऋणी आहे.' आणि पुढे माझं नाव. मी टाइप करायला नकार दिला होता. म्हणालो, "मॅडम, असं कधी कोणी करत नाही." त्या म्हणाल्या, "महाशय, रिबन आहे का?" मग केलं टाइप. अंक छापून आल्यावर घरी नेला. हिने पूर्ण चाळला आणि म्हणाली, "एवढ्या पानांत तुमची एकच ओळ?" म्हटलं, "अगं, तीही तळाला!" पण दुसऱ्या दिवशी तो अंक शेजारच्या तीन घरांत फिरून आला होता.

पुढच्या वर्षी किनाऱ्यावर यंत्रं बसली. त्यानंतर तिसऱ्या वर्षी चार दिवस वादळ चाललं, तार नुसती खरखरत होती, आणि त्या चार दिवसांतली एकूण एक सूचना ठाण्यांवर जशीच्या तशी वाचता आली. सगळ्या होड्या बंदरात परतल्या. हवामान केंद्रातून मॅडमना फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी फोन ठेवला, क्षणभर टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "चला, तास आहे माझा." शिकवायला निघून गेल्या. बढती त्याच वर्षी मिळाली. त्या दिवशीही तास घेतला.

आता शेवटचं. हे मॅडमनाही ठाऊक नाही.

तो दुसरा निबंध पोस्टात टाकला त्या दुपारी मॅडम माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं टाइप करताय, एकदा ऐकून तरी घ्या." कार्बनच्या खोक्याच्या झाकणावर आकृत्या काढत त्यांनी मला दोन तास सगळी सिद्धता समजावली. शेवटी विचारलं, "पटलं का?"

मी म्हणालो, "हो मॅडम. पटलं."

मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पण इतक्या मनापासून सांगणाऱ्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं? त्यांनी समाधानाने मान हलवली आणि गेल्या. ते खोटं माझ्या मनात सलत राहिलं.

नऊ वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. ही म्हणाली, बागेत फिरायला जात जा. मी दुकानात जाऊन आठवीचं गणिताचं पुस्तक आणलं. मग नववीचं, मग दहावीचं. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांनी मला कॉलेजच्या गणितापर्यंत हात धरून नेलं. आमची ही रोज विचारायची, "परीक्षा कधी आहे तुमची?" नऊ वर्षं मंडळी! पेन्सिलींची किती खोकी संपली ते विचारू नका. आणि गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, मी त्या निबंधाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचलो. मधली एकही पायरी न गाळता. शेवटी दोन शब्द होते, 'सिद्ध झाले.' ते शब्द मी आयुष्यात हजार वेळा टाइप केले असतील. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा वाचले.

मॅडम, तुम्ही त्या दुपारी विचारलं होतंत, त्याचं खरं उत्तर द्यायला मला पंचवीस वर्षं लागली. आज या भरल्या सभागृहात देतो. पटलं.

सतराव्या पानावर एके ठिकाणी मला अजून शंका आहे. ती मी चहाच्या वेळी विचारेन.

मला इथे बोलायला उभं केल्याबद्दल आयोजकांचा, दोनदा चिठ्ठी दाखवूनही न रागावल्याबद्दल सूत्रसंचालकांचा आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द कमी-अधिक गेला असेल, तर उदार मनाने क्षमा करावी. मी रजा घेतो. नमस्कार.